‘ध’ अक्षराची दुर्मिळ नावे : जन्माक्षर, अर्थ आणि निवड

अपत्यजन्मानंतर अनेक कुटुंबे श्रींच्या दर्शनास येतात. बाळाला श्रींच्या पायांवर घातले जाते, अभिषेकाची पावती केली जाते आणि मग पुजारीबुवांना हळूच एक प्रश्न विचारला जातो. पत्रिकेत अमुक अक्षर आले आहे, त्या अक्षराचे चांगले नाव सुचत नाही. अक्षर सोडले तर बाळाला काही बाधा होईल का? आजीला जन्माक्षराचेच नाव हवे असते, आईवडिलांना आजवर कोणी न ठेवलेले नाव हवे असते, आणि बारशाचा दिवस जवळ येत असतो. आनंदाच्या प्रसंगी घरात उगाचच ताण निर्माण होतो.

भाविकांच्या या शंकेचे निरसन व्हावे, या हेतूने प्रस्तुत लेखात ‘ध’ हे एकच अक्षर उदाहरणादाखल घेतले आहे. जन्माक्षर कोठून येते, शास्त्र नावाविषयी काय सांगते, ‘ध’ अक्षराची अर्थपूर्ण पण फारशी प्रचारात नसलेली नावे कोणती आणि निवड करताना कोणती काळजी घ्यावी, याचा येथे क्रमाने विचार केला आहे. हीच पद्धत अन्य कोणत्याही अक्षरास लावता येईल.

जन्माक्षर कसे ठरते?

जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो ते बालकाचे जन्मनक्षत्र होय. प्रत्येक नक्षत्राचे चार समान भाग कल्पिले असून त्यांना चरण म्हणतात. नक्षत्राचा विस्तार १३ अंश २० कला व चरणाचा ३ अंश २० कला असतो. चंद्राला एक नक्षत्र ओलांडण्यास सुमारे एक दिवस आणि एक चरण ओलांडण्यास सुमारे सहा तास लागतात. प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेले आहे, तेच जन्माक्षर.

‘ध’ हे अक्षर पूर्वाषाढा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचे आहे. धनू राशीच्या १६ अंश ४० कलांपासून २० अंशांपर्यंत चंद्र असताना जन्मलेल्या बालकास हे अक्षर येते. पूर्वाषाढा नक्षत्राची चार अक्षरे अनुक्रमे भू, धा, फा, ढा अशी पंचांगात दिलेली असतात. येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. धनिष्ठा या नक्षत्राचे नाव ‘ध’ने सुरू होते, परंतु धनिष्ठेवर जन्मलेल्या बालकास ‘ग’ची अक्षरे येतात. म्हणजे नक्षत्राच्या नावाचा आणि जन्माक्षराचा संबंध नाही. मग ही अक्षरे आली कोठून?

अवकहडा चक्राची रचना

या अक्षरयोजनेस अवकहडा चक्र किंवा शतपद चक्र म्हणतात. शतपद म्हणजे शंभर पदांचे. अ, व, क, ह, ड हा पहिला गट. म, ट, प, र, त हा दुसरा. न, य, भ, ज, ख हा तिसरा आणि ग, स, द, च, ल हा चौथा. ही वीस अक्षरे झाली. प्रत्येकास अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर लावले की शंभर पदे होतात. ‘व’मध्येच ‘ब’चा आणि ‘स’मध्येच ‘श’चा समावेश मानला जातो.

नक्षत्रे मात्र अभिजित धरून अठ्ठावीस आणि त्यांचे चरण एकशेबारा. म्हणजे बारा जागा उरतात. त्या भरण्यासाठी राहिलेल्या व्यंजनांतून बारा अक्षरे घेतली गेली आणि प्रत्येक गटात एका ठिकाणी तीन-तीन अशी बसवली गेली. ‘कु’नंतर घ, ङ, छ, ‘पु’नंतर ष, ण, ठ, ‘भु’नंतर ध, फ, ढ आणि ‘दु’नंतर थ, झ, ञ. आर्द्रा, हस्त, पूर्वाषाढा आणि उत्तराभाद्रपदा या चार नक्षत्रांची अक्षरे चमत्कारिक का वाटतात, याचे उत्तर या रचनेत आहे. चक्राची सुरुवात कृत्तिका नक्षत्रापासून होते, कारण वैदिक वाङ्मयातील नक्षत्रगणना कृत्तिकांपासून आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, अवघड अक्षर येणे हा बालकाचा दोष नाही किंवा अशुभाची खूणही नाही. तो वर्णमाला आणि नक्षत्रे यांची सांगड घालण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. दुसरी अशी की, पंचांगात ‘धा’ छापलेले असले तरी हे अक्षर स्वरांच्या मालिकेतील नसून भरीचे आहे. म्हणून ध, धा, धि, धी, धु, धृ, ध्रु अशी ‘ध’ची सारी बाराखडी आणि जोडाक्षरे त्यासाठी घेण्याची चाल आहे. ‘धा’वरूनच नाव हवे म्हणून अडून बसण्याचे कारण नाही.

ज्या अक्षरांवरून नावे सुरूच होत नाहीत त्यांच्यासाठीही जुन्या ज्योतिषकारांनी वाट ठेवली आहे. ङ आल्यास ग, ञ आल्यास ज आणि ण आल्यास ड हे अक्षर घ्यावे असा संकेत आहे. नियम करणाऱ्यांनीच अडचण ओळखून सूट दिली, ही गोष्ट भाविकांनी ध्यानात ठेवावी.

शास्त्रातील चार नावे

पंढरपूरचे काशिनाथ उपाध्याय यांनी इ. स. १७९०च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रात आजही धर्मकृत्यांसाठी पाहिला जातो. त्यात नामकरणप्रसंगी चार प्रकारची नावे सांगितली आहेत.

१) देवतानाम : कुलदेवतेशी संबंध दर्शविणारे नाव. खंडेराव, मल्हारी, तुळजाराम, विठ्ठल, भवानी ही नावे या परंपरेतून घरोघरी आली.

२) मासनाम : जन्ममासावरून येणारे नाव. बारा महिन्यांस कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरि, योगीश, पुंडरीकाक्ष अशी विष्णूची बारा नावे नेमलेली आहेत.

३) नाक्षत्रनाम : जन्मनक्षत्रावरून येणारे नाव. चरणाक्षराचे नाव या प्रकारात येते.

४) व्यावहारिक नाम : ज्या नावाने जग हाक मारते ते नाव.

आजीचा आग्रह आणि आईवडिलांची इच्छा यांचा मेळ या चार नावांत आधीच घातलेला आहे. जन्माक्षराचे नाव पाळण्यात ठेवावे, पत्रिकेत लिहावे. व्यवहारासाठी घराला आवडेल ते नाव निवडावे. यात शास्त्राचा भंग होत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात तर अभिवादनासाठी एक निराळे नाव ठेवावे आणि मुंजीपर्यंत ते केवळ मातापित्यांनाच ठाऊक असावे, असे सांगितले आहे. एका व्यक्तीस एकच नाव असावे, हा आग्रह शाळेच्या दाखल्यामुळे आला आहे, धर्मामुळे नव्हे.

नाव कसे असावे?

आश्वलायन गृह्यसूत्रानुसार नावाच्या आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतस्थ वर्ण असावा आणि संस्कृत रूपात शेवटी विसर्ग यावा. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे म्हणजे सम, तर मुलीचे विषम अक्षरांचे असावे. अन्य गृह्यसूत्रांत तपशील थोडा वेगळा आढळतो. घोष वर्ण म्हणजे उच्चारताना कंठात नाद उमटतो असा वर्ण. ग, घ, ज, झ, द, ध, ब, भ आदी वर्ण घोष आहेत. म्हणजे ‘ध’ हे अक्षर भरीचे असले तरी गृह्यसूत्राच्या कसोटीस पूर्ण उतरते.

‘ध्रुव’ हे नाव घ्यावे. आरंभी घोष ‘ध’, आत अंतस्थ ‘र’ आणि ‘व’, अक्षरे दोन, संस्कृतात ध्रुवः असा विसर्गान्त शब्द. नियमाचा हा आदर्श नमुनाच होय. मुलींमध्ये धरणी, धरित्री, धारिणी ही तीन अक्षरांची नावे याच नियमात बसतात.

मनुस्मृतीत मुलींच्या नावासाठी दिलेली लक्षणे अधिक सुबोध आहेत. नाव सुखाने उच्चारता यावे, कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनाला आवडावे, मंगल असावे, शेवटी दीर्घ स्वर असावा आणि त्यात आशीर्वादाचा भाव असावा. शेवटच्या स्वराचा नियम सोडल्यास ही लक्षणे मुलांच्या नावासही तितकीच लागू पडावीत.

पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची जी प्रयोजने दिली आहेत, त्यांत बालकाचे नाव नीट ठेवता यावे हेही एक प्रयोजन आहे. नाव ठेवण्यास शब्दाचे ज्ञान लागते, ही जाणीव दोन हजार वर्षांहून जुनी आहे. आजकाल कानाला गोड लागणारी पण कोणत्याही भाषेत अर्थ नसलेली अक्षरजुळणी नाव म्हणून ठेवली जाते. मूल मोठे होऊन “माझ्या नावाचा अर्थ काय?” असे विचारते, तेव्हा त्याला काय सांगावे हा प्रश्न पडतो. दुर्मिळ नाव हवे असेल तर ते नवे घडविण्यापेक्षा जुन्या भांडारात शोधावे. ते भांडार किती समृद्ध आहे, हे पुढील यादीवरून दिसेल.

‘ध’ अक्षराची मुलांची नावे

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्मांनी युधिष्ठिरास सांगितलेले विष्णुसहस्रनाम हा नावांचा मोठा खजिना आहे. त्यात ‘ध’पासून सुरू होणारी दहाहून अधिक नावे आहेत. त्यांपैकी काही आणि अन्य ग्रंथांतील काही नावे पुढे दिली आहेत.

धाता : धारण आणि पोषण करणारा. विष्णूचे नाव, बारा आदित्यांपैकी एकाचेही हे नाव आहे.

धन्वी : धनुष्य धारण करणारा. उच्चारास सोपे, तरीही क्वचितच ऐकू येणारे नाव.

धुर्य : धुरा वाहणारा, जबाबदारी पेलणारा. घरातील थोरल्या मुलास शोभणारे नाव.

धन्य : कृतार्थ. मराठी माणसास अर्थ सांगावा लागत नाही, तरी नाव म्हणून हा शब्द विरळा.

धराधर, धरणीधर : पृथ्वीस आधार देणारा. पूर्वीच्या पिढ्यांत आढळणारे, आज दुर्मिळ झालेले नाव.

ध्रुव : अढळ. उत्तानपाद राजाचा हा पुत्र सावत्र आईच्या बोलण्याने दुखावून अवघ्या पाचव्या वर्षी तपास गेला आणि त्याने अढळपद मिळविले, ही कथा भागवताच्या चौथ्या स्कंधात आहे. हे नाव अलीकडे बरेच प्रचारात आले आहे.

धनंजय : अर्जुनाचे आणि अग्नीचेही नाव; विष्णुसहस्रनामातही आले आहे.

धन्वंतरी : समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन प्रकटलेली आयुर्वेदाची देवता. धनत्रयोदशीला हिचे पूजन होते. आश्विन वद्य त्रयोदशीस जन्मलेल्या बालकास विशेष साजेल.

धौम्य : पांडवांचे पुरोहित. वनवासातही यजमानांची साथ न सोडणारे ऋषी.

धिषण : बुद्धिमान. अमरकोशात हे देवगुरू बृहस्पतींचे नाव म्हणून दिले आहे.

धृष्णु : निर्भय. ऋग्वेदात इंद्रासाठी आलेले विशेषण.

धूर्जटी : जटाभार धारण करणारे शिव. कृष्णदेवरायाच्या दरबारातील थोर तेलुगू कवीचे हे नाव होते.

धैवत : सप्तकातील सहावा स्वर. सरगमात हा स्वर ‘ध’ या अक्षरानेच दर्शविला जातो, त्यामुळे संगीताची आवड असलेल्या घरांत हे नाव अर्थपूर्ण ठरते.

‘ध’ अक्षराची मुलींची नावे

धृती : धैर्य, मनाची स्थिरता. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी स्त्रीवाचक विभूती सांगताना कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा आणि क्षमा यांच्यासोबत धृतीचा उल्लेख केला आहे.

धरा, धरणी, धरित्री : पृथ्वी. तीन नावे, एकच अर्थ. उच्चाराच्या आवडीप्रमाणे निवडावे.

धात्री : धारण-पोषण करणारी, माता, पृथ्वी. आवळीच्या झाडालाही धात्री म्हणतात. कार्तिकात आवळीखाली भोजन करण्याची चाल आहे. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलीस हे नाव शोभून दिसेल.

धारिणी : धारण करणारी. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातील अग्निमित्र राजाची पट्टराणी.

धिषणा : बुद्धी. अमरकोशात बुद्धीच्या पर्यायांत हा शब्द येतो.

धन्या : कृतार्थ, भाग्यवती.

धवला : शुभ्र, निर्मळ.

ध्येया : जिचे ध्यान करावे अशी.

ध्वनी : नाद. नादाला ब्रह्म मानणाऱ्या परंपरेत हे नाव अर्थाने मोठे आहे.

धनिष्ठा : तेवीसावे नक्षत्र. अर्थ, अतिशय संपन्न.

पूर्वाषाढा नक्षत्राच्या उरलेल्या चरणांसाठीही नावे नाहीत असे नाही. ‘भू’वरून भूषण, भूपती, भूमिजा, ‘फ’वरून फाल्गुन, फणींद्र, फाल्गुनी, आणि ‘ढ’वरून ढुंढिराज. काशीक्षेत्री विश्वनाथाच्या मंदिराजवळ ढुंढिराज गणेशाचे स्थान आहे. काशीत येणारा भाविक या गणेशाचे दर्शन घेतल्याशिवाय राहत नाही. ‘ढ’ या अक्षरास मराठीत हसू येते. पण त्याच अक्षराने गणरायाचे एक नाव सुरू होते.

मराठी मातीतील ‘ध’ नावे

हेच ढुंढिराज नाव मराठी मुखात धुंडिराज झाले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर या ज्योतिर्लिंगक्षेत्री झाला. काशीच्या गणपतीचे नाव त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या बालकास मिळाले, आणि अशीच नावे एका क्षेत्राचा धागा दुसऱ्या क्षेत्राशी जोडत आली.

मराठ्यांच्या इतिहासात संताजी-धनाजी ही जोडी प्रसिद्ध आहे. सेनापती धनाजी जाधव यांच्या नावातील ‘धन’ शब्दास ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय लागला आणि एक खास मराठी वळणाचे नाव झाले.

परंतु ‘ध’ अक्षराच्या मराठी नावांत अंतःकरणाला भिडणारे नाव आहे ते धोंडो. धोंडा म्हणजे दगड. पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढील बाळाचे नाव मुद्दाम साधे, उपेक्षेचे ठेवीत. धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावे त्या भयातून आली. नाव सुंदर ठेवले तर दृष्ट लागेल. दगड म्हटले तर काळाची नजर तिकडे वळणार नाही, आणि बाळ दगडासारखे टिकेल, अशी ती आईची भाबडी आशा होती. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलांनाही हे नाव मिळे.

आज हे नाव कोणी ठेवीत नाही. परंतु ते हसण्याजोगे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८ ते १९६२) यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना केली, १९५८ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला आणि त्यांनी शंभरी पार केली. नावाने माणूस मोठा होत नाही, माणसाने नाव मोठे होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

निवड करताना घ्यावयाची काळजी

१) अर्थ शब्दकोशात पाहावा. ‘ध्वांत’ हा शब्द कानाला गोड लागतो, पण त्याचा अर्थ अंधार. ‘ध्वंस’ म्हणजे नाश.

२) नावाची कथा पाहावी. ‘धृतराष्ट्र’ या शब्दाचा अर्थ राष्ट्राला धारण करणारा असा उत्तम आहे. तरीही ते नाव कोणी ठेवीत नाही, कारण शब्दार्थाहून कथा प्रबळ असते. धेनुक हा बलरामाने मारलेला असुर, धूम्राक्ष हा रावणाचा सेनानी आणि धुंधुकारी हा भागवतमाहात्म्यातील दुराचारी भाऊ.

३) बोलीतील अर्थही पाहावा. ‘धुनी’ या संस्कृत शब्दाचा अर्थ नदी. मराठीत मात्र धुनी म्हटले की साधूंची अखंड पेटती धुनी, शिर्डीच्या द्वारकामाईतील धुनी डोळ्यांसमोर येते. दोन्ही अर्थ पवित्र आहेत; पण मुलीला आयुष्यभर खुलासा करावा लागेल, याचा विचार व्हावा.

४) नाव मोठ्याने हाक मारून पाहावे. घरातील वृद्धांना आणि लहान मुलांना ते म्हणता आले पाहिजे. परदेशी राहणाऱ्या कुटुंबांनी हेही लक्षात घ्यावे की इंग्रजीभाषकांना ‘ध’ हा महाप्राण उच्चार जड जातो आणि ‘ध’चा ‘द’ किंवा ‘ड’ होतो. तेथे धन्वी, धरा अशी जोडाक्षरे कमी असलेली छोटी नावे सोयीची पडतात.

५) नाव संपूर्ण लिहून पाहावे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. चारही शब्द एकत्र कसे वाटतात हे पाहणे योग्य.

भावंडांची नावे एकाच अक्षराची असावीत काय?

थोरल्याचे नाव ज्या अक्षराचे, त्याच अक्षराचे धाकट्याचेही असावे, असा हौशी आग्रह अलीकडे दिसतो. हौस म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु अक्षरासाठी अर्थाचा बळी देऊ नये. महाभारतात दुर्योधन, दुःशासन, दुर्मुख आणि त्यांची बहीण दुःशला ही एकाच ‘दु’ अक्षराची भावंडे आहेत. आद्याक्षराच्या सारखेपणाने त्या घरात सुख नांदले नाही.

याउलट आळंदीची चार भावंडे पाहावीत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई. एकाही नावाचे आद्याक्षर दुसऱ्याशी जुळत नाही. पण निवृत्ती, ज्ञान, सोपान म्हणजे जिना आणि मुक्ती या शब्दांनी परमार्थाचा सारा मार्गच उभा राहतो. नावे अशी अर्थाने जोडता येतात. थोरलीचे नाव धृती असेल तर धाकटीस क्षमा किंवा मेधा म्हणावे. गीतेतील एकाच श्लोकाच्या त्या बहिणी होतात.

घाई करू नये

मनुस्मृतीत नामकरणासाठी दहावा किंवा बारावा दिवस सांगितला असून तो न साधल्यास पुढील शुभ तिथी, मुहूर्त वा नक्षत्र पाहण्याची मुभा दिली आहे. महाराष्ट्रात बाराव्या दिवसावरून ‘बारसे’ हे नाव पडले. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहिणे, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगणे, पाळणा म्हणणे आणि घुगऱ्या वाटणे हा सोहळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या दिवशी जन्माक्षराचे नाव ठेवून व्यावहारिक नाव सावकाश ठरविण्यास हरकत नाही.

कायद्यातही घाईचे कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. परंतु ही नोंद नावाशिवायही होते. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क नोंदविता येते आणि पुढे विहित मुदतीत विलंबशुल्क भरून नोंदविण्याची सोय आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी आदी कामांस जन्मदाखला हा महत्त्वाचा पुरावा झाला आहे. म्हणून नाव ठरल्यावर त्याचे मराठी आणि इंग्रजी लेखन एकदाच नीट तपासून नोंदवावे. ‘धृती’ हे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर निराळे लिहिले गेले तर मुलीस पुढे त्रास होतो.

श्रींच्या चरणी

पूजा, अभिषेक वा अन्नदानाची पावती करताना भाविकांनी गोत्र, नक्षत्र आणि नाव सांगावे. बालकाचे व्यावहारिक नाव अद्याप ठरले नसल्यास जन्माक्षराचे नाव सांगितले तरी संकल्प होतो. पावतीवर मात्र नेहमीच्या वापरातील नाव व आडनाव द्यावे, म्हणजे पुढे पत्रव्यवहारात घोटाळा होत नाही.

बाळ श्रींच्या पायांवर घालून आईवडील डोळे मिटतात, त्या क्षणी त्यांच्या मनात अक्षर नसते. बाळ सुखी असावे एवढीच प्रार्थना असते. नाव हे त्या प्रार्थनेचे शब्दरूप आहे. मग ते ‘ध’चे असो वा अन्य अक्षराचे, हाक मारणाऱ्याच्या मनात माया असली आणि धारण करणाऱ्याच्या हातून सत्कर्म घडले, की ते नाव शुभच होते.

॥ शुभं भवतु ॥